ताओ मताचा मूळ ग्रंथ व त्याचें लुप्त संस्कृत भाषांतर

१. विषयप्रवेश

चीन देशांत तीन मतें प्राचीन काळापासून शेजारीं शेजारीं नांदत आलीं आहेत. त्यांपैकीं बौद्ध मत हिंदुस्थानांतून तिकडे गेलें. कन्फ्यूशियसचें मत व ताओ मत हीं दोन तेथल्याच भूमींत उपजलीं. बौद्ध मताच्या निमित्तानें चिनी ग्रंथांकडे आपल्या संशोधकांचें लक्ष गेलें व त्यांतून आपल्या इतिहासाला पुष्कळ लाभ झाला. ताओ मताशीं मात्र आपला कांहीं संबंध पोंचत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णपणें खरी नाहीं. इ. स. ६४७ मध्यें चीनच्या बादशहानें या मताच्या मूळ ग्रंथाचें संस्कृतांत भाषांतर करण्याची आज्ञा दिली. आणि तें काम ज्याच्याकडे सोंपविलें तो ह्युएनत्संग त्याच्या सुमारें सहा वर्षें आधीं दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रांत येऊन गेलेला होता. त्या संस्कृत भाषांतराची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ताओ मताचा उगम, त्याचे ग्रंथ व सिद्धान्त यांची ओळख करून देऊन, त्या भाषांतराच्या वेळीं एका शब्दावरून जो वाद माजला त्याचें मर्म काय, आणि अशी प्रत हातीं आलीच तर ती कोणत्या खुणांनीं ओळखावी, एवढें या लेखांत पाहावयाचें आहे.

हा विषय वऱ्हाडच्या एका कोपऱ्यांतून कां मांडावा, असें कोणी विचारील. ढाणकी हें गांव उमरखेड तालुक्यांत, पैनगंगेच्या खोऱ्यांत आहे. नदीच्या पलीकडच्या अंगास माहूर. श्रीदत्तात्रेयप्रभूंचें स्थान म्हणून महानुभाव ज्यास वंदन करतात तें हेंच. महानुभाव आपल्या मतास 'परमार्ग' म्हणतात. 'मार्ग' या एका शब्दांत एखाद्या मताचें सर्वस्व सामावूं शकतें, हें या भागांतील वाचकांस निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. चिनी 'ताओ' या शब्दाचाहि मूळ अर्थ वाट अथवा मार्ग असाच आहे. या दोन मतांचा परस्परांशीं ऐतिहासिक संबंध होता असें येथें मुळींच सुचवावयाचें नाहीं. ग्रंथ कसे जन्मतात व प्रतींतून कसे बदलतात, हें समजण्यापुरतीच ही तुलना घ्यावयाची.

२. आद्य पुरुष

ताओ मताचा आद्य पुरुष लाओत्से हा समजला जातो. हें त्याचें नांव नव्हे. 'वृद्ध आचार्य' अशा अर्थाची ती पदवी होय. त्याचें सर्वांत जुनें चरित्र स्सुमा च्येन या इतिहासकाराच्या ग्रंथांत आहे. हा ग्रंथ इ. स. पूर्व १०० च्या सुमाराचा. त्याप्रमाणें लाओत्से छू राज्यांत जन्मला, त्याचें कुलनाम ली होतें, आणि चौ राजांच्या दप्तरखान्याचा तो अधिकारी होता. ताओ मताचा मूळ पुरुष दप्तरदार होता, ही परंपरा जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस विशेष गोड वाटेल. कन्फ्यूशियस (इ. स. पूर्व ५५१–४७९) त्याच्या भेटीस गेला होता, असेंहि तेथें सांगितलें आहे. पुढें चौ राज्यास उतरती कळा लागलेली पाहून लाओत्से पश्चिमेकडे निघाला. सरहद्दीच्या नाक्यावरील यिन शी या अधिकाऱ्यानें त्यास अडवून उपदेश लिहून देण्याविषयीं विनविलें. तेव्हां त्यानें दोन भागांत पांच हजारांहून कांहीं अधिक अक्षरांचा ग्रंथ लिहून दिला व तो निघून गेला. त्याचें पुढें काय झालें, तें कोणास ठाऊक नाहीं.

ही कथा सांगून झाल्यावर तोच इतिहासकार आणखी दोन पुरुषांचीं नांवें देतो व लाओत्से म्हणजे यांपैकींच कोणी असावा असें कित्येक म्हणतात, असेंहि नमूद करतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींच या आद्य पुरुषाचें चरित्र संशयित झालें होतें, आणि पहिल्या चरित्रकारानेंच तो संशय लपविला नाहीं. आजचे बहुतेक अभ्यासक हा ग्रंथ एकट्याच्या हातचा मानीत नाहींत, इ. स. पूर्व चौथ्या व तिसऱ्या शतकांत तो हळूहळू आकारास आला, असें ते धरतात.

येथें आपल्याकडील एक गोष्ट सहज आठवते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीचक्रधरस्वामींनीं उत्तरापंथें गमन केलें. त्यांनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. मागें राहिलेल्या शिष्यांनीं ऋद्धपुरास आठवणी गोळा केल्या. म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें व केशिराजबासांनीं वचनें निवडून सूत्रपाठ लाविला. गुरु निघून गेला आणि ग्रंथ उरला, हा क्रम दोहींकडे सारखाच आहे. भेद एवढाच कीं, चिनी परंपरेनें ग्रंथ गुरूच्याच हातून लिहविला, आणि आपल्याकडील परंपरेनें तो शिष्यांच्या स्मरणांतून आला हें प्रामाणिकपणें सांगितलें.

३. ग्रंथ व त्याच्या प्रती

या ग्रंथास 'ताओ-ते-चिंग' म्हणतात. पहिल्या भागाच्या आरंभीं 'ताओ' हा शब्द येतो व दुसऱ्या भागांत 'ते' या शब्दाचा विचार आरंभीं येतो, म्हणून हें जोडनांव. 'चिंग' म्हणजे प्रमाणभूत ग्रंथ. प्रचलित पाठांत एकूण ८१ प्रकरणें असून त्यांपैकीं ३७ पहिल्या व ४४ दुसऱ्या भागांत आहेत. विस्तारानें हा ग्रंथ गीतेहूनहि लहान. त्याचा पाठ मुख्यतः दोन टीकांच्या आश्रयानें टिकला: एक 'हो-शांग-कुंग', म्हणजे नदीकांठचा वृद्ध, या अर्धवट दंतकथेंतल्या पुरुषाच्या नांवावरील टीका, आणि दुसरी वांग पी (इ. स. २२६–२४९) या अल्पायुषी पंडिताची.

विसाव्या शतकापर्यंत याहून जुनी प्रत पाहण्याचा योग कोणास नव्हता. इ. स. १९७३ मध्यें हूनान प्रांतांत छांगशा नगराजवळ मावांगत्वी येथील एका थडग्यांत रेशमी वस्त्रावर लिहिलेल्या दोन प्रती सांपडल्या. तें थडगें इ. स. पूर्व १६८ मध्यें बंद झालेलें आहे. या दोन्ही प्रतींत 'ते' चा भाग आधीं व 'ताओ' चा नंतर येतो. म्हणजे ग्रंथाच्या नांवाचा क्रमच तेथें उलटा आहे. त्यानंतर इ. स. १९९३ मध्यें हूपे प्रांतांत क्वोत्येन येथें इ. स. पूर्व ३०० च्या सुमाराच्या थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवरील लेख मिळाले. त्यांपैकीं ७१ पट्ट्यांवर या ग्रंथाचा सुमारें दोनपंचमांश भाग आहे. त्या तीन निरनिराळ्या जुड्यांच्या होत्या, त्यांचे बंध कुजून गेले होते, आणि त्यांतील प्रकरणांचा क्रम प्रचलित ग्रंथाशीं जुळत नाहीं.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस यांतील एक गोष्ट फार बोधप्रद वाटेल. चीनमध्यें राज्यकर्त्या बादशहाचें व्यक्तिनाम लिहूं नये असा दंडक होता. तें अक्षर आलें तर त्याच्या जागीं समानार्थक दुसरें घालीत. हान घराण्याच्या मूळ पुरुषाच्या नांवांत 'पांग' (राज्य) हें अक्षर होतें. मावांगत्वीच्या एका प्रतींत तें अक्षर निःशंकपणें लिहिलें आहे. दुसऱ्या प्रतींत त्याच्या ठिकाणीं 'क्वो' हें अक्षर आहे. यावरून पहिली प्रत दुसरीहून जुनी, हें ठरतें. पुढें 'हंग' (नित्य) हें अक्षरहि एका बादशहाच्या नांवांत असल्यामुळें वर्ज्य झालें व त्याच्या जागीं 'छांग' आलें. आज जगभर जो पाठ वाचला जातो त्याच्या अगदीं आरंभींच्या वाक्यांत हा बदल बसलेला आहे. लेखकाचा प्रमाद नव्हे, सांप्रदायिक मतभेदहि नव्हे. केवळ राजदंडाच्या धाकानें ग्रंथाचें पहिलें वाक्य बदललें, आणि दोन हजारांवर वर्षें तेंच मूळ समजलें गेलें.

महानुभावांच्या पोथ्यांविषयीं अशीच चिकित्सा करावी लागते. खलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली व स्मरणावरून ती पुन्हां उभी केली, असें पंथाची परंपराच सांगते. निरनिराळ्या पाठांतील भेद यामुळें उत्पन्न झाले. तेथें ग्रंथ राखण्यासाठीं पुढें सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपि योजिल्या गेल्या. चीनमध्यें तो थडग्यांत पुरला गेल्यामुळें वांचला.

४. सिद्धान्त

ग्रंथांतील विचाराचें सार असें: आकाश व पृथ्वी यांच्याहि आधीं जें कांहीं आहे, ज्याच्यापासून सर्व पदार्थ निघतात व ज्यांत ते परत जातात, त्यास नांव देतां येत नाहीं; केवळ व्यवहारासाठीं त्यास 'ताओ' म्हणावयाचें. तो आज्ञा करणारा ईश्वर नव्हे. तो निर्माण करतो, पण स्वामित्व सांगत नाहीं. प्रत्येक पदार्थाच्या ठायीं ताओचें जें सामर्थ्य उतरतें तें 'ते'. मनुष्यानें ताओस अनुसरून वागावें, म्हणजे 'वू-वेइ' आचरावें. या शब्दाचा 'निष्क्रियता' असा अर्थ केला जातो, तो अपुरा आहे. वस्तूच्या स्वभावाविरुद्ध जोर न लावणें, कृतीचा डौल न मिरविणें, असा त्याचा भाव आहे.

दृष्टान्त सारे रोजच्या व्यवहारांतले आहेत. पाणी सर्वांत मऊ, तें सखल जागीं राहतें, तरी खडक झिजवितें. चाकाचा तुंबा, मातीचें भांडें, घराचें दार यांचा उपयोग त्यांतील पोकळीमुळें होतो. न कोरलेला लाकडाचा ओंडका, तान्हें मूल, दरी, लोहाराचा भाता हीं पुन्हां पुन्हां येतात. आणि या तत्त्वविचाराच्या मधोमध राजनीति आहे: राजानें कायदे, कर व शस्त्रें थोडीं ठेवावीं, मोठें राज्य चालविणें हें लहान मासा शिजविण्यासारखें आहे, फार ढवळल्यास तो मोडतो.

आपल्या वाचकास हें वाचतांना उपनिषदांतील ब्रह्माची व गीतेंतील नैष्कर्म्याची आठवण होणें साहजिक आहे. पण भेदहि तितकेच ठळक आहेत. या ग्रंथांत पुनर्जन्म नाहीं, कर्मविपाक नाहीं, संसारांतून सुटका हा हेतु नाहीं. ताओ हें चैतन्य आहे असें तेथें म्हटलेलें नाहीं, आणि त्याच्या ज्ञानानें मोक्ष मिळतो असेंहि नाहीं. ही गोष्ट पुढील वादाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवावयास हवी.

५. मताचा पंथ झाला

या ग्रंथाच्या जोडीस च्वांगत्सेचा ग्रंथ येतो. क्वो श्यांग (मृत्यु इ. स. ३१२) यानें लाविलेल्या रूपांत त्याचीं ३३ प्रकरणें असून त्यांपैकीं पहिलीं सात मुख्यतः मूळ पुरुषाचीं मानतात. तोंपर्यंत ताओ हें एक दर्शन होतें. त्यास देव, पुरोहित व मंदिरें नव्हतीं. तीं पुढें आलीं. इ. स. १४२ मध्यें स्सच्वान प्रांतांत चांग ताओ-लिंग यास देवरूप झालेल्या लाओत्सेनें दर्शन दिलें, अशी श्रद्धा आहे. त्याच्या अनुयायांकडून पांच मापें तांदूळ घेत, म्हणून त्या पंथास तेंच नांव पडलें. रोग म्हणजे पापाचें फळ, पाप कबूल केल्यानें रोग जातो, असें ते शिकवीत. दीर्घायुष्य, किमया, प्राणनियमन, मंत्र व ताईत यांची भर पडत गेली. को हुंग याच्या चौथ्या शतकाच्या आरंभींच्या ग्रंथांत अमरत्वाच्या औषधांची सविस्तर चर्चा आहे. पांचव्या शतकांत लू श्यू-चिंग यानें वाढत्या ग्रंथराशीची तीन 'गुहां'त विभागणी केली. पुढें मिंग काळांत, इ. स. १४४५ मध्यें, छापून पुरा झालेला ताओ-ग्रंथसंग्रह ५३०५ खंडांचा होता, इ. स. १६०७ च्या पुरवणीनें ती संख्या ५४८५ झाली.

या वाढीबरोबर बौद्धांशीं स्पर्धाहि वाढली. लाओत्से पश्चिमेकडे गेला, या कथेस पुढें शेपूट जोडलें गेलें: तो हिंदुस्थानांत गेला व बुद्ध झाला, किंवा बुद्ध त्याचा शिष्य झाला. इ. स. १६६ च्या एका राजदरबारच्या अर्जांत या कल्पनेचा उल्लेख सांपडतो, इ. स. ३०० च्या सुमारास वांग फू यानें तिचा स्वतंत्र ग्रंथच केला. या ग्रंथावरून शतकानुशतकें भांडणें झालीं. अखेर इ. स. १२८१ मध्यें कुब्लाइखानानें ताओ-ते-चिंगाखेरीज या मताचे सर्व ग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली.

६. इ. स. ६४७ चें भाषांतर

आतां मूळ प्रसंगाकडे येऊं. थांग घराण्याचें कुलनाम ली होतें, म्हणून ते बादशहा आपणांस लाओत्सेचे वंशज म्हणवीत. ताइत्सुंग बादशहानें इ. स. ६३७ मध्यें ताओ पुरोहितांस बौद्ध भिक्षूंच्या वरचा मान ठरवून दिला होता. ह्युएनत्संग हिंदुस्थानांत होता तो याच काळांत. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रांत आला. येथील लोकांचा मानीपणा, उपकाराची जाण व अपकाराचा सूड, लढाईपूर्वीं हत्तींस मद्य पाजण्याची रीत, पराभूत सेनापतीस स्त्रीवेष देण्याची शिक्षा, हें त्यानें टिपून ठेविलें. अजिंठ्याचें म्हणून जें वर्णन ओळखलें जातें, तेंहि याच प्रकरणांत आहे. विहार बांधणाऱ्या अर्हताचें त्यानें दिलेलें नांव तेथील २६ व्या लेण्याच्या शिलालेखांतील स्थविर अचलाशीं जुळतें. पुढें कामरूपच्या भास्करवर्म्यानें त्यास आपल्या दरबारीं बोलाविलें. इ. स. ६४५ मध्यें ६५७ ग्रंथ घेऊन तो राजधानी छांगआन येथें परतला.

त्यानंतर चीनचा वकील ली यी-प्याओ कामरूपास गेला असतां, बौद्ध मत पोंचण्यापूर्वींचे चीनचे धर्मग्रंथ कोणते, अशी पृच्छा भास्करवर्म्यानें केली व लाओत्सेच्या ग्रंथाचें भाषांतर मागितलें. थांग घराण्याच्या नव्या इतिहासांत त्यानें लाओत्सेची मूर्ति मागितल्याचीहि नोंद आहे. त्यावरून बादशहानें आज्ञा केली, आणि ह्युएनत्संग तीसांवर ताओ पंडितांसह कामास बसला. त्यांत त्साइ ह्वांग व छंग श्युआन-यिंग हे प्रमुख होते.

पहिल्याच शब्दास अडलें. 'ताओ' यास संस्कृतांत काय म्हणावें? ताओ पंडितांचें म्हणणें 'बोधि' असें होतें. त्यांचा आधार निराधार नव्हता. बौद्ध ग्रंथांच्या जुन्या चिनी भाषांतरांत 'बोधि' या शब्दासाठीं 'ताओ' हेंच अक्षर योजलेलें आहे. ह्युएनत्संगाचें उत्तर: बोधि म्हणजे जागृति, ताओ म्हणजे वाट; वाटेस संस्कृतांत 'मार्ग' म्हणतात; शंका असल्यास हिंदी पंडितांस विचारा. दुसरा वाद प्रस्तावनेवरून झाला. हो-शांग-कुंगाच्या टीकेची प्रस्तावनाहि भाषांतरावी असा ताओ पंडितांचा आग्रह होता. तींत दांत वाजविणें, लाळ गिळणें असले उपाय आहेत, परदेशांत तिचें हसें होईल, म्हणून त्यानें ती नाकारली.

हें सारें ज्यानें लिहून ठेविलें तो ताओ-श्युआन (इ. स. ५९६–६६७) बौद्ध होता व ह्युएनत्संगाच्या भाषांतर-मंडळांत काम केलेला होता. तेव्हां ताओ पंडितांचा पक्ष आपणांस प्रतिपक्षाच्या लेखणींतूनच कळतो, हें विसरतां कामा नये. तरीहि वादाचें कारण उघड दिसतें. लाओत्सेच बुद्ध झाला, असें म्हणणारा ग्रंथ चीनमध्यें फिरत असतां ताओस 'बोधि' म्हटलें असतें, तर त्या दाव्यास संस्कृत कागद मिळाला असता, आणि तोहि हिंदुस्थानच्या एका राजाच्या दरबारीं. ह्युएनत्संगानें तें दार बंद केलें, असें माझें अनुमान आहे.

परंतु त्याचा शब्द तरी पूर्ण होता काय? बौद्धांच्या परिभाषेंत मार्ग हा निर्वाणाकडे नेणारा. तो साधन, निर्वाण हें साध्य. लाओत्सेचा ताओ कोठेंहि नेत नाहीं. तोच वाट, तोच उगम आणि परतण्याचें ठिकाणहि तोच. 'बोधि' म्हटल्यानें ग्रंथांत नसलेलें ज्ञान आंत शिरतें. 'मार्ग' म्हटल्यानें ग्रंथांत असलेला उगम बाहेर राहतो. व्युत्पत्तीनें ह्युएनत्संग बरोबर होता. आपला सिद्धान्त केवळ वाटेपुरता नाहीं, हें जाणण्यांत ताओ पंडितहि चुकले नव्हते. मात्र त्यांनीं जो शब्द सुचविला तो परकी होता. दोन्ही पक्षांस बौद्धांच्या परिभाषेबाहेरचा शब्द सुचला नाहीं, ही त्या काळाची मर्यादा होय.

७. शोधाची दिशा

भाषांतर पुरें होऊन कामरूपास पोंचलें कीं नाहीं, याविषयीं चिनी साधनांत एकवाक्यता नाहीं. पॉल पेलिओ या फ्रेंच पंडितानें इ. स. १९१२ मध्यें या प्रकरणाची साधनें एकत्र करून तपासलीं. तेव्हांपासून हा प्रश्न विद्वानांपुढें आहे; पण त्याचा निकाल लागावयाचा तर तो पोथीनेंच लागेल. यासाठीं अशा पोथीच्या खुणा येथें मांडतों.

ती लहान असेल, दोन भागांची असेल, आणि ह्युएनत्संगानें प्रस्तावना नाकारल्यामुळें बहुधा निव्वळ मूळ असेल. तींत एकहि विशेषनाम नसेल; कारण ताओ-ते-चिंगांत मनुष्याचें, गांवाचें वा नदीचें नांव मुळींच नाहीं. जेथें 'ब्रह्म' अपेक्षावें तेथें 'मार्ग' हा शब्द येईल. वेद, वर्ण, पुनर्जन्म व मोक्ष यांचा उल्लेख नसेल. उलट पाणी, दरी, तान्हें मूल, चाकाचा तुंबा, भाता, आणि राज्यकारभारास लहान माशाची उपमा, हीं असतील. अशी पोथी मुखपृष्ठाविना मिळाली, तर कोणीहि सूचिकार ती 'अज्ञातकर्तृक वेदान्त प्रकरण' या सदरांत घालून मोकळा होईल. न ओळखली जाण्यास याहून सोयीची पोथी नसेल.

भास्करवर्म्याच्या काळची लिपि त्याच्या निधनपूरच्या ताम्रपटांवरून ठाऊक आहे. त्यानें हर्षास पाठविलेल्या नजराण्यांत अगरूच्या सालीवर लिहिलेलीं पुस्तकें होतीं, असें बाणभट्ट सांगतो. तेव्हां पहिली प्रत अशा सालीवर चढली असल्यास ती स्वतः टिकण्याची आशा थोडी. आसाम, नेपाळ अथवा तिबेट येथील एखादी नक्कलच सांपडली तर सांपडेल. पण पोथ्या कोठून कोठें जातात याचा नेम नाहीं. पंजाबांत व काबुलाकडे महानुभावांच्या मराठी पोथ्या पोंचल्याच होत्या. यास्तव आपल्या संग्रहांतील नांव नसलेलीं, टीका नसलेलीं, सूचींत एका ओळींत आटोपलेलीं लहान संस्कृत प्रकरणें संग्राहकांनीं एकवार उघडून पाहावीं. कागद अलीकडचा असल्यास आधुनिक भाषांतराची शंका आधीं फेडून घ्यावी. चीनमध्यें दोन हजार वर्षांनंतर थडग्यांतून मूळ ग्रंथ वर आला. आपल्याकडे त्याचें एखादें पान दप्तरांत बांधलेलें असेल, तर त्याची गांठ सोडण्यास खणतीचीहि गरज नाहीं.